गिरणीतल्या माउलीची शिकवण

आमच्या मंडळ्यांतून आज अशी घरे थोडी नाहीत की ज्यांतील मुलगा किंवा मुलगी सेवेसाठी दूर गेलेली आहे. कोणी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका आहे, कोणी डोंगराळ भागातील शाळेत शिकवीत आहे, कोणी परक्या भाषेच्या मंडळीत पाळक होऊन राहिला आहे. रविवारच्या उपासनेत आपण त्यांची नावे घेऊन प्रार्थना करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच उपासनेत मागच्या बाकावर त्यांची आई बसलेली असते. तिचे नाव कोणी घेत नाही. उपासना संपली की ती पदर सावरीत घरी जाते आणि पुढच्या पत्राची किंवा फोनची वाट पाहत राहते.

अशा एका आईची आठवण व्हावी म्हणून ह्या वेळी आम्ही तिच्या मुलीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुलीचे नाव जगाला ठाऊक आहे. पश्चिम आफ्रिकेतील कालाबार येथे जवळजवळ चाळीस वर्षे सेवा करणाऱ्या मेरी स्लेसर ह्या त्या बाई. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी शब्बाथशाळेत आपण ऐकल्या आहेत. परंतु हे धाडस त्या कोठे शिकल्या, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर असे की, एका गिरणी-कामगार आईच्या एका खोलीच्या घरात.

मेरीचा जन्म स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहरात २ डिसेंबर १८४८ रोजी झाला. वडील रॉबर्ट स्लेसर जोडे शिवण्याचा धंदा करीत. आईचे माहेरचे नाव मेरी मिचेल. ती विणकाम करणारी, मृदू बोलणारी, चारचौघांत पुढे न येणारी अशी बाई होती. देवभीरू घरात एकुलती एक वाढलेली. तिला सात मुले झाली. त्यांतील तीन लहान वयातच गेली. आमच्या कथेतील मेरी ही दुसरी.

वडिलांना दारूचे व्यसन जडले आणि घराची रया गेली. अ‍ॅबरडीनमधील काम सुटले. नवे गाव, नवे सोबती मिळाले तर माणूस सुधारेल, ह्या आशेने १८५९ च्या सुमारास कुटुंब डंडी शहरात आले. प्रवासखर्चासाठी घरातील बरेच सामान विकावे लागले. डंडी हे गिरण्यांचे शहर. आपल्या बंगालमधून बोटी भरून जाणारा ताग त्या शहरातील गिरण्यांत विणला जाई. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना डंडीच्या त्या वस्तीची कल्पना सहज येईल. तोच भोंगा, तीच अंधारी बोळे, आणि पगाराच्या दिवशी दारूच्या गुत्त्यापुढे तीच गर्दी.

गाव बदलले, पण माणूस बदलला नाही. मग आई गिरणीत जाऊ लागली. तेवढ्याने भागेना, म्हणून मेरीही अकराव्या वर्षी बॅक्स्टर बंधूंच्या गिरणीत लागली. अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस गिरणीची शाळा, असा तिचा क्रम होता. चौदाव्या वर्षी ती पुरती विणकरीण झाली. सकाळी सहाला मागावर उभे राहायचे ते संध्याकाळी सहापर्यंत. मागाच्या कडेला पुस्तक टेकवून ठेवावे आणि धोटा इकडून तिकडे जाताना एखादी ओळ वाचावी, असे तिचे शिक्षण चालले.

शनिवारची रात्र त्या घरात सर्वांत कठीण. शनिवारी पगार होई. धाकटी मुले झोपली की आई आणि मेरी दोघी जाग्या बसत. स्वतः पोटाला चिमटा घेऊन वडिलांसाठी राखून ठेवलेले जेवण ते आल्यावर कधीकधी विस्तवात फेकून देत. त्यांचा राग अनावर झाला की मेरीला घराबाहेर पडावे लागे, आणि त्या रात्री ती रडत रस्त्यांवर फिरे. सोमवारी एखादी वस्तू गुपचूप गहाण ठेवायला जाणेही तिच्याच वाट्याला येई. हे सारे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मायलेकी जपत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते. दारुड्या नवऱ्याचा जाच बाईने निमूटपणे सोसावा, असे आम्ही म्हणत नाही. आज आमच्या मंडळीत कोणा भगिनीवर अशी पाळी आली, तर तिने ती लपवू नये आणि मंडळीने तिला एकटी सोडू नये. मेरीच्या आईला असा आधार मिळाला नाही. पण जे हाती होते त्यातून तिने काय उभे केले, हे पाहण्यासारखे आहे.

तिने घरात दोन गोष्टी मोडू दिल्या नाहीत. पहिली म्हणजे रविवारची उपासना. आठवडाभर गिरणीच्या धुळीत राबलेली ती बाई रविवारी मुलांना स्वच्छ कपडे घालून विशार्ट चर्चमध्ये नेई. लांबलेला उपदेश ऐकताना चघळायला प्रत्येकाच्या हाती पेपरमिंटची एकेक गोळी देई. दुसरी गोष्ट म्हणजे मिशनचे मासिक. त्यांच्या पंथाच्या मासिकात कालाबारची बातमीपत्रे येत. कालाबारचे मिशन १८४६ साली सुरू झालेले. जमेकामधील गुलामीतून सुटलेल्या ख्रिस्ती लोकांच्या मनात आपल्या पूर्वजांच्या आफ्रिकेला सुवार्ता पोहोचावी अशी ओढ लागली, आणि त्यांतून ते उभे राहिले. ही बातमीपत्रे आई मुलांना मोठ्याने वाचून दाखवी. ज्या घरात दुसऱ्या दिवसाच्या भाकरीची पंचाईत, त्या घरात समुद्रापलीकडच्या मुलांसाठी प्रार्थना होई. लहानगी मेरी खेळातही आफ्रिकेतील मुलांची शाळा भरवी आणि स्वतः पंतोजीण होई.

आईची आस अशी की आपला एक मुलगा कालाबारला जावा. थोरला रॉबर्ट जाईल असे तिला वाटे, पण तो लहानपणीच वारला. मग ती आशा जॉनवर बसली. त्याची प्रकृती बिघडली. हवापालटासाठी तो न्यूझीलंडला गेला आणि तेथे उतरल्यावर आठवड्याभरातच निवर्तला. हन्नेने शमुवेलाला मंदिरात नेऊन दिले तेव्हा तिला त्याला पाहता तरी येत होते. ह्या आईचे दान मात्र देण्यापूर्वीच दोनदा हातातून निसटले.

ह्या काळात मेरी गिरणीतले काम सांभाळून डंडीच्या गरीब वस्तीत मुलांचे वर्ग घेत होती. तिकडची टवाळ पोरे सभा उधळून लावीत. एकदा त्यांतील म्होरक्याने दोरीला शिशाचा गोळा बांधून तो तिच्या डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली. गोळा कपाळाला लागेल इतका जवळ आला तरी ती हलली नाही. शेवटी त्या पोरांनीच हार मानली आणि ती वर्गात येऊन बसली. न हलता उभे राहण्याचे हे बळ तिच्यात आले कोठून? आम्हांस वाटते, शनिवारच्या त्या रात्रींतून.

१८७४ च्या आरंभी डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मृत्यूची बातमी इंग्लंडात पोहोचली आणि साऱ्या स्कॉटलंडचे लक्ष आफ्रिकेकडे गेले. मेरीनेही मनाशी निश्चय केला. परंतु तोवर वडील वारले होते, भाऊ गेले होते. आई आणि सुसान व जेनी ह्या दोन बहिणी तिच्या आधारावर होत्या. जावे की राहावे? तिने आईला विचारले. आईने क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. आपण तिला आनंदाने जाऊ देऊ, ती चांगली मिशनरी होईल आणि देव तिच्याबरोबर राहील, असे तिने सांगितले. शेजारपाजारच्या पुष्कळांना हा वेडेपणा वाटला; कालाबार म्हणजे ज्वराने माणसे मारणारा किनारा अशी त्याची ख्याती होती. आई मात्र डगमगली नाही. जे दान ती मुलांच्या हातून देणार होती, ते तिने मुलीच्या हातून दिले.

१८७५ मध्ये मेरीने मिशन बोर्डाकडे अर्ज केला. एडिंबरो येथे काही महिने तयारी करून ५ ऑगस्ट १८७६ रोजी ती लिव्हरपूलहून इथिओपिया नावाच्या आगबोटीने निघाली. वय सत्तावीस. बोटीवर चढताना तिने पाहिले की, आफ्रिकेला जाणाऱ्या मालात दारूची पिंपेच पिंपे होती. ज्या वैऱ्याने तिचे घर धुळीला मिळवले, तोच तिच्या आधी तिच्या सेवाक्षेत्रात चालला होता.

मेरीबाईंचा वार्षिक पगार ६० पौंड ठरला होता. त्यांतील मोठा हिस्सा त्या डंडीला आईकडे पाठवीत. १८७९ साली पहिल्या रजेवर आल्या तेव्हा त्यांनी आई-बहिणींना शहराच्या धुरातून काढून जवळच्या डाउनफील्ड गावी नेऊन ठेवले. परत गेल्यावर ओल्ड टाउन येथे स्वतंत्र काम मिळाले. तेथे विलायती डबे, चहा, साखर हे सर्व सोडून त्या स्थानिक लोकांसारखे कंद आणि केळी खाऊन राहू लागल्या. पुष्कळांना वाटले की लोकांशी समरस होण्यासाठी बाईंनी हे केले. ते खरे होतेच. पण त्यामागचे आणखी एक कारण त्या बोलून दाखवीत नसत. असे राहिल्याने घरी चार पौंड अधिक पाठवता येत. आईने आपल्या तोंडचा घास राखून ठेवावा आणि त्याची वाच्यता करू नये, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. आता समुद्रापलीकडे बसून त्याच पाठाची त्या परतफेड करीत होत्या.

त्या प्रदेशात एक क्रूर समजूत होती. जुळी मुले झाली की त्यांतील एक दुष्टात्म्याचे असते, आणि कोणते ते ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही अर्भके मडक्यात घालून रानात टाकीत आणि त्यांच्या आईला गावाबाहेर हाकलून देत. बाळाला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवणाऱ्या मोशेच्या आईला निदान आशा तरी होती. ह्या आयांना तीही नव्हती. १८७८ साली कालाबारच्या सरदारांनी इंग्रज वकिलाशी करार करून ह्या चालीला बंदी केली, तरी आतल्या गावांत ती चालूच होती. मेरीबाई टाकलेली मुले उचलून घरी आणू लागल्या. त्यांतील एक मुलगी वाचली. तिचा जुळा भाऊ वाचला नाही. तिला त्यांनी आपल्या बहिणीचे, जेनीचे, नाव दिले. १८८३ साली त्या आजारी होऊन मायदेशी आल्या तेव्हा ती तान्ही मुलगी त्यांच्या कडेवर होती. ज्या विशार्ट चर्चमध्ये मेरी पेपरमिंटची गोळी चघळीत बसे, तेथेच त्या काळ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि डंडीच्या त्या आजीच्या मांडीवर नात म्हणून ती बसली.

ह्या रजेत मात्र घरावर संकटे आली. बहीण जेनी क्षयाने ग्रासली. तिला उबदार हवेत न्यावे म्हणून आपल्याबरोबर कालाबारला नेण्याची परवानगी मेरीबाईंनी मागितली. बोर्डाने ती दिली नाही. तेव्हा त्यांनी तिला दक्षिण इंग्लंडात टॉपशम येथे नेले आणि आईलाही तेथेच आणले. दुसरी बहीण सुसान अकस्मात वारली. १८८५ च्या अखेरीस परत निघण्याची वेळ आली आणि नेमकी तेव्हाच आईची शक्ती ढासळली.

वाचकहो, ह्या ठिकाणी आम्ही क्षणभर थांबतो, कारण ह्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग हाच आहे. एका बाजूला खाटेवर आई आणि आजारी बहीण. दुसऱ्या बाजूला ठरलेले काम, हातातले तिकीट आणि तिकडे वाट पाहणारी लेकरे. पितरांचा मान राखावा ही आज्ञा देवाची आणि सर्व सोडून मागे यावे हे पाचारणही देवाचेच. ह्या दोहोंच्या कात्रीत सापडलेले पुष्कळ सेवक आम्ही पाहिले आहेत. ह्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नाही. मेरीबाईंनी गुडघे टेकले, आणि उठल्यावर एक साधे काम केले. डंडीतील एका जुन्या मैत्रिणीला त्यांनी पत्र लिहिले की, येऊन माझ्या आईजवळ राहाल काय? ती बाई आली. आणि आईनेच मुलीला पुन्हा निरोप दिला. ही मुलगी देवाने आपल्याला दिली होती आणि आपण ती त्याला परत दिली आहे. तो जेथे पाठवील तेथे ती असावी हीच आपली इच्छा, अशा अर्थाचे तिचे बोलणे होते.

मेरीबाई क्रीक टाउनला पोहोचल्या. १८८६ साल उजाडले आणि त्याबरोबर आई गेल्याचे वर्तमान आले. पुढे तीन महिन्यांनी जेनीही गेली. सात भावंडांपैकी मेरीबाई आता एकट्या उरल्या.

त्यांचे दुःख मोठे होते आणि त्यांनी ते लपवले नाही. आजवर दिवसभरात घडलेली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट, मुलांचे हट्ट, स्वतःचे रुसवे, फजितीचे प्रसंग, हे सर्व त्या आईला लिहून कळवीत. आता लिहावे कोणाला? ज्यांनी परगावी राहून आई गमावली आहे त्यांना हा प्रश्न नीट समजेल. पुष्कळ दिवस हात टपालाच्या वेळी लेखणीकडे जातो आणि मग आठवते की त्या पत्त्यावर आता वाचणारे कोणी नाही. मेरीबाईंनी ह्या दुःखातून एक विलक्षण अर्थ काढला. आता आपल्यासाठी स्वदेशापेक्षा स्वर्गच जवळ आहे. आणि आपण आत रानात गेलो तर काळजीने झुरणारे मागे कोणी नाही. मुलीची काळजी करणारी आई होती तोवर ज्या मार्गावर पाऊल टाकताना त्या अडखळत होत्या, तो मार्ग त्यांनी आता धरला.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात, पावसाच्या झडीत, आपली सांभाळलेली मुले घेऊन त्या नदीमार्गे ओकोयाँग प्रदेशात राहायला गेल्या. होडी क्रीक टाउनचा राजा एयो ह्याने दिली होती. ओकोयाँगचे लोक शूर, पण भांडखोर. व्यापारी जिन दारू तेथे पाण्यासारखी वाहत होती. कोणी सरदार मेला की जादूटोण्याचा संशय घेऊन माणसांना विषारी बियांचा काढा पाजीत. जगला तो निर्दोष, मेला तो अपराधी. बायका आणि दास ह्यांना मेलेल्या सरदाराबरोबर पुरीत. एकेंगे गावचा सरदार एडेम ह्याच्या अंगणात मेरीबाईंना एक मातीची खोली मिळाली.

आणि तेथे, ओकोयाँगच्या त्या अंगणात, डंडीची शनिवारची रात्र पुन्हा सुरू झाली. दारू प्यालेल्या पुरुषांची गर्दी, बंदुका, आरडाओरड, कोपऱ्यात दडलेल्या बायका आणि मुले. शिक्षणाने मोठ्या असलेल्या एखाद्या मिशनरीला अशा वेळी काय करावे हे कळले नसते. मेरीबाईंना कळत होते. दारूच्या अंमलाखालच्या माणसाशी वाद घालायचा नसतो. जागे राहायचे असते, दाराशी बसायचे असते, दुबळ्यांना मागे ठेवून आपण पुढे राहायचे असते, आणि पहाट होईपर्यंत धीर सोडायचा नसतो. हे कोणत्याही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवीत नाहीत. हे त्यांच्या आईने त्यांना शिकवले होते.

एडेमचा तरुण मुलगा एटिम ह्याच्या अंगावर घर बांधताना ओंडका पडला आणि काही दिवसांनी तो मेला. दोष शेजारच्या गावावर आला. तेथील स्त्री-पुरुषांना, तान्ही मुले असलेल्या आयांनाही, साखळदंड घालून अंगणात आणले गेले. आता विषाचा काढा पाजला जाणार हे मेरीबाईंनी ओळखले. त्यांनी प्रथम त्या मृत मुलाला रेशमी कपडे, फेटा, छत्री अशा थाटात सजवले, म्हणजे बापाच्या मानाला समाधान वाटावे. आणि मग कैद्यांजवळ ठाण मांडले. रात्रंदिवस त्या हलल्या नाहीत. धमक्या झाल्या, विनवण्या झाल्या. शेवटी एकेक करून कैदी सुटले आणि सरदाराच्या मुलाबरोबर एका गाईखेरीज कोणाचा प्राण गेला नाही. ओकोयाँगमध्ये असे पूर्वी घडले नव्हते.

ह्या कामी त्या अगदी एकट्या होत्या असे मात्र नाही. एडेमची विधवा बहीण मा एमे ही त्यांची जिवलग झाली. कोठे काही घातपात शिजत असला की ती औषधाची बाटली भरून आणण्याच्या निमित्ताने मेरीबाईंकडे निरोप पाठवी; त्या खुणेने मेरीबाई सावध होत. उघडपणे तिने ख्रिस्ताचा स्वीकार केला नाही, तरी तिच्यावाचून पुष्कळांचे प्राण वाचले नसते. मिशनच्या चरित्रांतून अशा स्थानिक बायांचा उल्लेख ओझरता येतो. तो ठळक यायला हवा असे आम्हांस वाटते.

१८९२ साली इंग्रज सरकारने ओकोयाँगचे निवाडे करण्याचे अधिकार मेरीबाईंना दिले. एका स्त्रीला असा मान मिळणे त्या काळी नवलाचे होते. पण त्यांचे न्यायासन कसे होते? मांडीवर बाळ, हातात विणकाम, पायांत जोडे नाहीत, केस कापलेले, आणि समोर तासन्‌तास बोलणारे दोन पक्ष. त्या ऐकत राहत. घर बांधणे, चिखल लिंपणे, छप्पर शाकारणे सर्व हाताने. सिमेंटची जमीन करायला कोठे शिकलात, असे कोणी विचारले तर त्या हसून सांगत की, लापशी ढवळावी तसे ढवळायचे, ओतायचे आणि सारखे करायचे. स्वयंपाकघरातली विद्या त्यांनी अशी रानात चालवली. मौजेची गोष्ट म्हणजे ह्याच बाई रजेवर स्कॉटलंडात आल्या की गजबजलेला रस्ता ओलांडायला घाबरत आणि सभेत पुरुष असले तर बोलायला लाजत. आईचा भित्रा, मागे राहणारा स्वभावही त्यांनी घेतला होता. तेव्हा भीती नसणे म्हणजे धैर्य नव्हे. कोणासाठी तरी उभे राहावे लागते तेव्हा भीतीला बाजूला सारणे म्हणजे धैर्य.

त्यांच्या घरी वाढलेल्या मुलांची संख्या सांगणे कठीण. काही जगली, कित्येक अर्भके त्यांच्या मांडीवर मेली. त्यांनाही त्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्रार्थना करून मूठमाती देत. जेनी, मेरी, अ‍ॅलिस आणि मॅगी ह्या चौघी मुलींना घेऊन त्या १८९८ साली स्कॉटलंडला येऊन गेल्या. हळूहळू जुळ्यांच्या आयांना घरे परत घेऊ लागली. लोक मेरीबाईंना मा म्हणत. सर्वांची आई, असे त्यांचे नाव पडले. त्यांचे स्वतःचे लग्न ठरून मोडले होते, कारण वाग्दत्त वराला प्रकृतीमुळे ओकोयाँगला येऊ देण्यास बोर्डाने नकार दिला आणि मेरीबाईंनी ओकोयाँग सोडले नाही. ज्या बाईने मूल जन्माला घातले नाही, ती त्या प्रदेशात आई ह्या नावाने ओळखली गेली.

वय झाले, ज्वराने आणि संधिवाताने शरीर खिळखिळे झाले, तरी त्या पुढे पुढे जात राहिल्या. अकपाप, मग इटू, मग आणखी आतली गावे. चालवेना तेव्हा ढकलगाडीत बसून गेल्या. १३ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, उसे येथील आपल्या मातीच्या घरात त्या प्रभूत निद्रिस्त झाल्या. जवळ जेनी आणि इतर मुली होत्या. अखेरची प्रार्थना त्यांनी एफिक भाषेत केली. ज्यांची आई म्हणून त्या जगल्या त्यांची भाषा आता त्यांची झाली होती. कालाबारच्या टेकडीवर त्यांना पुरले. पुढे डंडी शहराने एका बागेला त्यांचे नाव दिले आणि १९९७ साली स्कॉटलंडमधील एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. ज्या मुलीने आईच्या वस्तू गुपचूप गहाण ठेवल्या, तिचे चित्र नोटेवर आले!

आईचे चित्र कोठे छापले गेले नाही. तरी आम्ही हे चरित्र पुन्हा वाचतो तेव्हा प्रत्येक पानामागे तीच उभी दिसते. तिने मुलीला आफ्रिकेविषयी फार थोडे शिकवले असेल. मासिकात होते तेवढेच. पण राखून ठेवणे, जागे राहणे, दुबळ्याच्या पुढे उभे राहणे आणि वेळ आली की हात मोकळा सोडणे, हे चार पाठ तिने रोज गिरवून दाखवले. दूर गेल्यावर मुलीला दुसरे काही लागले नाही. लोईस आणि युनीके ह्यांचा विश्वास तीमथ्यात कसा उतरला हे आपण शास्त्रात वाचतो; येथे तो उतरताना दिसतो.

आणि ह्या गोष्टीत आणखी एक बाई आहे, तिला आम्ही विसरू शकत नाही. डंडीहून टॉपशमला येऊन परक्या आईच्या खाटेशी बसलेली ती मैत्रीण. ती आली नसती तर मेरीबाई गेल्या नसत्या, आणि ओकोयाँगच्या अंगणातील ते कैदी सुटले असते की नाही कोण जाणे. कालाबारला जाणे सर्वांना जमत नाही. शेजारच्या गल्लीत जाणे जमते.

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी आपल्या मंडळीतून कोणी सेवेसाठी दूर निघेल, तेव्हा निरोपाच्या सभेत त्याच्याबरोबर त्याच्या आईलाही पुढे बोलवा आणि तिच्यासाठीही प्रार्थना करा. सभा संपल्यावर, हार वाळल्यावर, महिन्यातून दोनदा तिच्या घरी जा. तिची औषधे आहेत ना, दिवाबत्ती ठीक आहे ना, पत्र वाचून दाखवायला कोणी आहे ना, हे पाहा. दूर असलेल्या तिच्या लेकराच्या सेवेतील तो तुमचा वाटा होईल.

आणि जी लेकरे दूर आहेत व ज्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांना एवढेच सांगणे की, ह्या आठवड्यात आईला पत्र लिहा. कामाच्या मोठ्या बातम्या नसल्या तरी चालेल. काय खाल्ले, कोणाशी भांडण झाले, कशाचे हसू आले, तेच लिहा. तिला तेच वाचायचे असते.